मॅगी प्रकरण 2015: चर्चा शिशाची झाली, निकाल लॅबवरून लागला

2015 च्या जूनमध्ये पहिला पाऊस झाला, पब्लिक सवयीप्रमाणे लोणावळ्याला टायगर पॉइंटला गेलं, तिथे भजी होती, कणीस होतं, चहा होता, फक्त मॅगी नव्हती. ते दिवस ज्यांना आठवतात त्यांच्या डोक्यात या प्रकरणाचं साधारण एकच वाक्य उरलंय, की मॅगीत शिसं सापडलं, बंदी आली, मग वरती सेटिंग झालं आणि मॅगी परत आली. मी फूड लायसन्स आणि लेबलची कामं करतो, म्हणजे फरसाणवाले, मसालेवाले, पापड-लोणची करणाऱ्या बायका यांची कागदपत्रं, त्यामुळे हे वाक्य दर महिन्याला कोणी ना कोणी ऐकवतंच. सेटिंगचं जाऊ द्या, मुंबई हायकोर्टाचा निकाल सगळ्यांना उपलब्ध आहे आणि तो वाचला तर लक्षात येतं की मॅगी चांगली की वाईट हा त्यातला मुख्य मुद्दाच नाही. मुद्दा असा होता की सँपल कसं घेतलं, कुठल्या लॅबला पाठवलं आणि बंदी घालायच्या आधी समोरच्याला विचारलं का. खाण्याचा धंदा करणाऱ्या कुणालाही, टपरीपासून फॅक्टरीपर्यंत, हे तीन प्रश्न माहीत पाहिजेत म्हणून सगळं नीट लिहितोय.

सुरुवात झाली उत्तर प्रदेशात बाराबंकीला. मार्च 2014 मध्ये तिथल्या फूड सेफ्टीवाल्यांनी एका दुकानातून मॅगीचं सँपल घेतलं, आणि तेव्हा शिशाचा विषय कुणाच्या डोक्यातही नव्हता. पाकिटावर लिहिलेलं होतं ‘नो अ‍ॅडेड एमएसजी’, म्हणजे आपल्या भाषेत अजिनोमोटो घातलेला नाही, आणि गोरखपूरच्या लॅबने सांगितलं की एमएसजी आहे. इथे एक गोष्ट समजून घ्या, अजिनोमोटो म्हणजे काही बंदी घातलेलं विष नाही, ग्लुटामेट तर टोमॅटोतही असतं. मॅगी बनवणाऱ्या नेस्ले कंपनीचं म्हणणं होतं की आम्ही वरून काही घातलं नाही, शेंगदाण्याचं प्रोटीन, कांद्याची पावडर, गव्हाचं पीठ यात ते मुळातच असतं. शास्त्र म्हणून हे बरोबरच आहे, पण मग पाकिटावर एवढ्या हौसेने लिहायचं कशाला? वाचणारी आई काय समजणार, यात एमएसजी नाही. लेबल दिशाभूल करत असेल तर कायद्याच्या भाषेत माल ‘मिसब्रँडेड’, आतला माल कितीही चांगला असो. माझ्याकडे येणारी निम्मी प्रकरणं याच जातीची असतात. ‘शंभर टक्के नैसर्गिक’, ‘केमिकल फ्री’, ‘डायबिटीसवाल्यांना चालेल’ असं हौसेने छापून घेतात, आणि मिसब्रँडेडला कलम 52 खाली 3 लाखांपर्यंत दंड आहे हे स्टिकर छापून झाल्यावर कळतं.

कंपनीला गोरखपूरचा रिपोर्ट मान्य नव्हता म्हणून अपील केलं. हा हक्क कायद्यातच आहे, फूड अ‍ॅनालिस्टचा, म्हणजे लॅबमधल्या सरकारी तपासनिसाचा, रिपोर्ट मान्य नसेल तर 30 दिवसांत डेझिग्नेटेड ऑफिसरकडे, म्हणजे अन्न सुरक्षा खात्याच्या नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अपील करायचं, त्याला पटलं तर तो सँपल रेफरल लॅबला, म्हणजे जिचा रिपोर्ट शेवटचा धरतात त्या लॅबला, पाठवतो. इथे ते गेलं कोलकात्याच्या सेंट्रल फूड लॅबोरेटरीला. आणि मग खरा बॉम्ब फुटला, कारण एप्रिल 2015 मध्ये जो रिपोर्ट आला त्यात एमएसजी तर होताच, पण शिसं निघालं 17.2 पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत 17.2 भाग. मर्यादा 2.5. म्हणजे जवळपास सात पट. गेले होते लेबलवरचा डाग पुसायला आणि घेऊन आले शिसं, अशी गत.

आता तारखा बघा. सँपल मार्च 2014 चं, रिपोर्ट एप्रिल 2015 चा. कायदा फूड अ‍ॅनालिस्टला रिपोर्टसाठी 14 दिवस देतो आणि इथे अपील धरून वर्ष उलटून गेलं. 30 एप्रिलला उत्तर प्रदेशने त्या बॅचची सुमारे 2 लाख पाकिटं परत घ्यायला सांगितली, तर ती बॅच फेब्रुवारी 2014 ची आणि तिची मुदत नोव्हेंबर 2014 लाच संपलेली, कंपनी म्हणाली ती पाकिटं आता बाजारात आहेतच कुठे. म्हणजे लोकांनी ती केव्हाच खाऊन पचवली होती. माल खरंच वाईट असेल तर अशा तपासणीचा ग्राहकाला काय उपयोग, आणि माल चांगला असेल तर एवढ्या जुन्या सँपलवर कंपनीला धरणं कितपत बरोबर, दोन्हीकडून बघितलं तरी पद्धत फसलेलीच दिसते.

मे महिन्यात टीव्हीवाल्यांच्या हाती विषय लागला आणि एकेका राज्याने सँपल घ्यायला सुरुवात केली. दिल्लीने 13 पैकी 10 सँपल फेल सांगितली आणि 3 जूनला 15 दिवसांची बंदी घातली. गोव्याच्या एफडीएने मात्र सांगितलं की आमच्याकडे सगळं मर्यादेत आहे. यात गंमत अशी की मॅगीचा एक कारखाना गोव्यातच डिचोलीला आहे (बाकीचे कर्नाटकात नंजनगूड आणि पंजाबात मोगा वगैरे), त्यामुळे तेव्हा बरेच लोक म्हणाले कारखाना तिथे म्हणून क्लीन चिट. पण पुढे ऑगस्टमध्ये गोव्याचीच सँपल मैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्राच्या अन्न संशोधन संस्थेने तपासली आणि तीही पास झाली, तेव्हा त्या टोमण्याची हवा गेली. तोच ब्रँड, तोच कायदा, तीच 2.5 ची मर्यादा, आणि एका राज्यात नापास दुसऱ्यात पास. आपल्या मनात पहिला संशय येतो माल बॅचप्रमाणे बदलतो का, तो यायलाच पाहिजे, पण दुसरा संशय लॅबचा यायला पाहिजे आणि तो तेव्हा कुणालाच आला नाही.

5 जूनच्या पहाटे कंपनीने स्वतःच जाहीर केलं की आम्ही मॅगी बाजारातून काढून घेतोय, पण माल सुरक्षित आहे. नेस्लेचे जागतिक सीईओ पॉल बुल्के दिल्लीत येऊन पत्रकारांपुढे बसले. आणि त्याच दिवशी एफएसएसएआयच्या, म्हणजे देशाच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या, सीईओंचा ऑर्डर निघाला, मॅगीच्या नऊही प्रकारांचं उत्पादन, विक्री, आयात, सगळं बंद, माल परत घ्या, आणि 15 दिवसांत सांगा की तुमची प्रॉडक्ट अप्रूव्हल, म्हणजे माल विकायची मंजुरी, का काढून घेऊ नये. वाचताना हे वाक्य सटकून जातं, पण कोर्टात सगळं याच्यावरच अडकलं. आधी फाशी आणि खाली टीप, आपलं म्हणणं पंधरा दिवसांत मांडावे. दुसऱ्या दिवशी 6 जूनला महाराष्ट्राच्या अन्न सुरक्षा आयुक्तांनी राज्यापुरता वेगळा बंदीचा ऑर्डर काढला, तो कलम 30 खाली. आपल्याकडे हे कलम गुटख्यामुळे ओळखीचं आहे, लोकांच्या आरोग्यासाठी आयुक्त एखादा पदार्थ राज्यभर बंद करू शकतो पण जास्तीत जास्त एक वर्ष, म्हणूनच 2012 पासून गुटखाबंदीचा ऑर्डर दरवर्षी नव्याने निघत आलाय.

थोडं कायद्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. 2006 चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, लागू झाला 5 ऑगस्ट 2011 ला, त्याच्या आधी 1954 चा भेसळीचा कायदा होता. जुन्या कायद्याचा सगळा भर भेसळ पकडा आणि कोर्टात खेचा यावर. नव्याने जबाबदारी धंदा करणाऱ्यावर टाकली, माल सुरक्षित ठेवणं तुझं काम, चुकला तर परत घेणं तुझं काम, आणि बनवणारा, डिस्ट्रिब्युटर, दुकानदार प्रत्येकाची जबाबदारी वेगवेगळी लिहून ठेवली. पण त्याच कायद्याने अधिकाऱ्यालाही बांधलंय. सँपल चार भागांत सील करायचं, एक फूड अ‍ॅनालिस्टला, दोन डेझिग्नेटेड ऑफिसरकडे जपून, आणि चौथा, धंदेवाल्याने मागणी केली तर, मान्यताप्राप्त लॅबला. आणि लॅब म्हणजे कुठलीही नाही, एनएबीएलची (लॅब तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली आणि कलम 43 खाली एफएसएसएआयने नोटिफाय केलेली. एनएबीएलची मान्यता पण टेस्टनुसार असते बरं का, एखादी लॅब दुधातली फॅट मोजायला मान्य असेल म्हणून ती शिसं मोजायलाही मान्य असेल असं नाही. शिसं मोजायचं म्हणजे दहा लाखात एक-दोन भाग शोधायचे, त्यात भांड्यातलं, पाण्यातलं, हवेतलं शिसं मिसळलं तरी आकडा बदलतो.

कंपनी मुंबई हायकोर्टात गेली. न्यायमूर्ती व्ही. एम. कानडे आणि न्यायमूर्ती बी. पी. कोलाबावाला यांचं खंडपीठ, कंपनीतर्फे वकील इक्बाल छागला, महाराष्ट्र सरकारच्या बाजूने वकील दारायस खंबाटा. सुनावणी चालू असतानाच 30 जूनला कोर्टाने एक्सपोर्टला परवानगी दिली, म्हणजे देशात विकायची नाही पण बाहेर पाठवा, यावर तेव्हा बरेच जोक झाले.

सरकारी बाजूचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं, हे पण सांगायला पाहिजे. लहान मुलं खातात तो पदार्थ, एकामागून एक राज्यांचे रिपोर्ट वाईट, अशा वेळी नोटीस, उत्तर, तारीख करत बसायचं का? शिसं मुलांच्या मेंदूवर परिणाम करतं, ते एकदा शरीरात गेलं की सहज निघत नाही. दुसरा वाद मसाल्याच्या पुडीचा. सरकार म्हणे टेस्टमेकर वेगळी तपासायची, कंपनी म्हणे मसाला नुसता कोण खातं, नूडल्स आणि मसाला मिळून जसं खाल्लं जातं तसं तपासा. (नुसता मसाला चाटणारे मला बरेच माहीत आहेत, पण तो वेगळा विषय.)

13 ऑगस्ट 2015 ला निकाल आला. कोर्टाने दोन्ही ऑर्डर रद्द केले, एफएसएसएआयचाही आणि महाराष्ट्राचाही. कारणं मुख्यतः दोन. एक, कंपनीला म्हणणं मांडायची संधी न देता बंदी घातली, नैसर्गिक न्यायाचं तत्त्व पाळलं नाही. एवढी घाई होती असं म्हणायलाही जागा नव्हती कारण कंपनीने विक्री स्वतःच थांबवलेली होती. दोन, ज्या लॅबच्या रिपोर्टवर सगळी इमारत उभी, त्या लॅबना त्या कामासाठी लागणारी मान्यताच नव्हती, काहींना एनएबीएलची नाही, काहींना शिशाच्या टेस्टची नाही, काही कलम 43 खाली नोटिफाय नाहीत. म्हणजे 17.2 हा आकडा खरा की खोटा यात कोर्ट पडलंच नाही, तो आकडा कायद्याच्या तराजूत ठेवायच्या लायकीचाच नाही असं सांगितलं.

पण कंपनीला पेढे वाटायला मोकळं सोडलं असंही नाही, आणि या निकालातला मला सगळ्यात आवडणारा भाग हाच. ऑर्डर रद्द झाले म्हणजे दुसऱ्या दिवशी माल दुकानात, असं कोर्टाने होऊ दिलं नाही. जपून ठेवलेली सँपल तीन मान्यताप्राप्त लॅबना पाठवा, हैदराबाद, जयपूर आणि मोहाली, सहा आठवड्यांत रिपोर्ट द्या, शिसं मर्यादेत निघालं तर उत्पादन सुरू करा, आणि नवीन माल पण आधी याच लॅबमधून पास करा, मग विका. ‘नो अ‍ॅडेड एमएसजी’ हे वाक्य काढून टाकायला कंपनी तयार झाली होती, त्यामुळे मूळ बाराबंकीचा विषय तिथेच संपला. ज्या एका ओळीवरून सगळं रामायण घडलं ती ओळ कंपनीने गुपचूप खोडली, आणि हेच 2014 ला केलं असतं तर सँपल कोलकात्याला गेलंच नसतं.

16 ऑक्टोबरला कंपनीने सांगितलं की सहा प्रकारांची 90 च्या 90 सँपल तिन्ही लॅबमध्ये पास. 9 नोव्हेंबरला, धनत्रयोदशीच्या दिवशी, मॅगी परत बाजारात. तोपर्यंत देशभरातून गोळा केलेली 30 हजार टनांच्या वर मॅगी सिमेंट कारखान्यांच्या भट्ट्यांमध्ये जाळून झाली होती. पास झालेल्या मालाचेच भाऊबंद, पण कागदावर नापास असताना जाळलेले. रिकॉल हा शब्द आपण सहज वापरतो, प्रत्यक्षात तो किती मोठा प्रकार असतो ते इथे दिसतं, छोट्यात छोट्या किराणा दुकानातून पाकिटं उलटी प्रवास करून भट्टीपर्यंत न्यायची. कायद्यात खरं तर बॅचचा विचार आहे, एक सँपल फेल तर ती बॅच फेल असं धरायचं, उलट सिद्ध होईपर्यंत. इथे थेट पूर्ण ब्रँडच भट्टीत गेला.

या प्रकरणाला एक उपकथा आहे, प्रॉडक्ट अप्रूव्हलची. 5 जूनच्या ऑर्डरमध्ये ओट्स मसाला नूडल्सवर वेगळा आक्षेप होता की मंजुरीशिवायच विकायला काढल्या. ही मंजुरी कुठून आली, तर एफएसएसएआयने मे 2013 मध्ये काढलेल्या एका अ‍ॅडव्हायजरीतून. ती अ‍ॅडव्हायजरी मुंबई हायकोर्टाने दुसऱ्या एका केसमध्ये 2014 लाच उडवली होती, कारण सल्ला म्हणून काढलेल्या कागदाला संसदेपुढे ठेवलेल्या नियमाचं वजन येत नाही. सुप्रीम कोर्टाने 19 ऑगस्ट 2015 ला, म्हणजे मॅगीच्या निकालानंतर सहाच दिवसांनी, हायकोर्टाचं म्हणणं कायम ठेवलं आणि एफएसएसएआयला ती पद्धत बंद करावी लागली. एका आठवड्यात दोन दणके.

तरीही प्रकरण तिथे संपलं नाही. केंद्र सरकारने ऑगस्ट 2015 मध्येच राष्ट्रीय ग्राहक आयोगात सुमारे 640 कोटींचा दावा लावला, चुकीचं लेबल, दिशाभूल, असुरक्षित माल. सुप्रीम कोर्टाने त्याला स्टे दिला, 2019 मध्ये तो उठवून सीएफटीआरआयच्या रिपोर्टच्या आधारे आयोगापुढे चालू द्यायला सांगितलं, आणि एप्रिल 2024 मध्ये आयोगाने दावा फेटाळला. म्हणजे बाराबंकीच्या दुकानातून पाकीट उचललं त्याला तोवर दहा वर्षं झाली होती.

मधल्या काळात उत्तर प्रदेशातच शाहजहानपूरला वेगळीच भानगड झाली. तिथे घेतलेली सँपल राखेच्या (माल जाळल्यावर जे उरतं त्याच्या) प्रमाणावरून फेल ठरली आणि नोव्हेंबर 2017 मध्ये दंड झाला, कंपनीला 45 लाख, तीन डिस्ट्रिब्युटरना मिळून 15 लाख आणि दोन विक्रेत्यांना 11 लाख. कंपनी म्हणाली आम्हाला चुकीचं मानक लावलं. ते असो, माझं लक्ष त्या शेवटच्या आकड्याकडे जातं. विक्रेते. ज्यांनी सीलबंद पाकीट जसं आलं तसं विकलं. म्हणून दुकानदारांना मी कानीकपाळी ओरडून सांगतो की पक्कं बिल घ्या आणि फाइलला लावा, कारण कायद्यात डिस्ट्रिब्युटरचं बिल हीच मालाची हमी धरली जाते, माल कुणाकडून आला ते दाखवता आलं तर तुमचा बचाव उभा राहतो, नाहीतर बनवणाऱ्याच्या जागी तुम्ही. तरी कच्च्या चिठ्ठीवर माल उचलणं चालूच आहे, जीएसटी वाचतो म्हणे.

मॅगीच्या केसमध्ये जे हक्क वापरले गेले, अपील, मान्यताप्राप्त लॅब, म्हणणं मांडायची संधी, त्यातला एकही नेस्लेसाठी खास बनवलेला नाही, मिरची पावडर विकणाऱ्यालाही तेच आहेत. फक्त तिकडे छागलासाहेब होते. इकडे एका लोणचंवाल्या काकूंचा रिपोर्ट आला, मिसब्रँडेड, बॅच नंबर नीट छापलेला नव्हता आणि अजून दोन बारीक गोष्टी, तो कागद त्यांनी लाइट बिलाच्या पिशवीत ठेवला आणि दीड महिन्याने माझ्याकडे आणला. 30 दिवस गेलेले. अपील संपलं, दंड भरला.

गेल्या दिवाळीच्या आधी एका फरसाणवाल्याकडे अधिकारी आले, शेव आणि भाजणीची चकली उचलली, मालाचे पैसे दिले, पावती घेतली, सगळं नियमाने. त्याने काउंटरच्या मागून मला फोन लावला, आता काय करू. म्हटलं चार भाग केलेत का मोज, सीलवर सही तुझी आहे का बघ, आणि चौथा भाग एनएबीएल लॅबला पाठवा असं आत्ताच लेखी दे, दोन रिपोर्ट वेगळे आले तर रेफरल लॅबचा शेवटचा धरतात, तुझा फायदाच आहे. अधिकाऱ्यांनीही नाही म्हटलं नाही, फक्त टेस्टचा खर्च तुमचा असं सांगितलं. त्याने फोन तसाच धरून खर्च विचारला, थोडा वेळ गप्प बसला, आणि म्हणाला, राहू दे साहेब, त्यात तर चकलीचा आख्खा घाणा निघतो.